ग्राइंडर अडतो तेव्हा

एस्प्रेसोची पूड फार बारीक लागते. तिच्यातल्या कणांचा मोठा भाग साधारण 200 ते 400 मायक्रॉनांच्या टप्प्यात असतो. घरगुती ग्राइंडरात ती तयार करतात दोन दातेरी पोलादी भाग: फिरणारा शंकू आणि त्याला वेढणारे स्थिर कडे. काही यंत्रांत शंकूऐवजी समोरासमोरच्या सपाट चकत्या असतात, पण तत्त्व तेच. हॉपरमधून पडलेला दाणा वरच्या मोठ्या दात्यांत फुटतो, खाली सरकताना भरडला जातो आणि शेवटच्या फटीतून पूड होऊन बाहेर येतो. ती पूड एका आखूड, बहुधा वाकड्या नळीतून पोर्टाफिल्टरात उतरते. ‘ग्राइंडर अडकला’ असे म्हटले की लक्ष लगेच दात्यांकडे जाते. बऱ्याचदा दोष मात्र त्याखालच्या नळीत असतो.

म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्याआधी कान द्यावा. मोटर मोकळी, हलक्या आवाजात फिरते आणि पूड येत नाही, तर दाणे दात्यांपर्यंत पोचतच नाहीत. हॉपरच्या तोंडाशी ते एकमेकांत अडून कमान धरतात. तेलकट दाण्यांत हे हमखास होते आणि हॉपरला टिचकी मारली की सुटते. मोटर फिरते, पण आवाज जड आणि दबलेला येतो, पूड चिमूट-चिमूट पडते, तर नळी तुंबली आहे. मोटर नुसतीच गुरगुरते आणि फिरत नाही, तर दात्यांत काहीतरी कठीण रुतले आहे. बटण त्याच क्षणी सोडावे, कारण थांबलेल्या मोटरमधून जास्त प्रवाह वाहतो आणि तिची वेटोळी तापतात. अजिबात आवाज नसेल तर हॉपर नीट बसला आहे का ते पाहावे. अनेक यंत्रांत हॉपरखाली सुरक्षेचा स्विच असतो. तापलेल्या मोटरचा संरक्षक स्विच पडला असेल तर अर्धा तास थांबणे हाच उपाय.

नळी तुंबण्याचे कारण कॉफीतच असते. खूप काळपट भाजलेल्या दाण्यांचे तेल पृष्ठभागावर येते आणि पूड चिकट होते. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत हीच पूड ओलावा धरून नळीत थरावर थर बसवते. कोरड्या हवेत उलट प्रकार: घर्षणाने कणांवर विद्युतभार येतो आणि ते भिंतींना चिकटतात. दळण्याआधी दाण्यांवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला तर हा भार घटतो, हे ओरेगॉन विद्यापीठातील संशोधकांनी सहभाग घेतलेल्या, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. एक-दोन फवारे पुरेत. जास्त पाण्याने नवाच लगदा होतो.

दात्यांत अडकणारी वस्तू बहुधा खडा असते. कूर्ग-चिकमगळूरकडे व्यापारात ‘चेरी’ म्हणून ओळखली जाणारी कॉफी अखंड फळासकट अंगणात वाळवतात, त्यामुळे तिच्यात खडे येण्याचा संभव असतो. दाण्याएवढा खडा चाळणीतून सुटतो. तो काढायला वजनाच्या फरकावर चालणारे यंत्र लागते. फिकट भाजलेले दाणेही पुरेसे टणक असतात आणि कमी ताकदीची मोटर त्यांच्यावर थबकते. तिसरे कारण वापरणाऱ्याच्या हातचे: ग्राइंडर बंद असताना, दाणे आत असताना, जाडी एकदम बारीककडे फिरवणे. जात्यात मोठा घास कोंबून खुंटा ओढण्याचाच हा प्रकार. बारीककडे जायचे ते मोटर चालू ठेवूनच.

खोलताना आधी प्लग काढावा, हॉपर रिकामा करावा, जाडी शेवटपर्यंत भरडीकडे न्यावी. तेवढ्याने कडे मोकळे होऊन हाताने उचलता येते. येत नसेल तर जोर करू नये. आट्यांत पूड साचलेली असते. कडे मागेपुढे थोडे-थोडे हलवले की ती सुटते. खडा चिमट्याने काढावा, पूड कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूम क्लीनरने. नळी लाकडी काडीने बाहेरच्या तोंडाकडून कोरावी. पोलादी दात्यांना पाणी लावू नये, गंज चढतो. सफाईसाठी कच्चे तांदूळ दळण्याची शिफारस सर्रास केली जाते, पण तांदूळ कॉफीपेक्षा टणक असल्याने अशक्त मोटरला तो नको. शंकू काढायचा असल्यास एक खबरदारी हवी: काही यंत्रांत त्याच्या नटला उलटे आटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर तो ढिला होतो.

परत बसवताना कड्याखाली पुडीचा कण जरी राहिला तरी ते तिरके बसते, मग पूड असमान होते. दाणे न घालता, मोटर चालू ठेवून जाडी हळूहळू बारीककडे न्यावी. दाते एकमेकांना टेकल्याची किरकिर आली की लगेच मागे यावे. तिथून थोडे भरड हे सुरुवातीचे ठिकाण. पहिल्यांदा मूठभर दाणेच घालावेत.

एवढे करूनही शंकू थांबत असेल तर दोष पुढे असतो. मोटर फिरते आणि शंकू फिरत नाही, तर बहुधा प्लास्टिकचा गिअर झिजलेला आहे. अमेरिकेहून आणलेल्या 120 व्होल्टच्या यंत्राची गोष्ट आणखी वेगळी. ते इथे ट्रान्सफॉर्मरवर चालते. सुरू होताना मोटर क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि ट्रान्सफॉर्मर लहान असेल तर व्होल्टेज तिथेच खाली बसते. दाते स्वच्छ असूनही ग्राइंडर गुरगुरत उभा राहतो, आणि बदलावा लागतो तो ट्रान्सफॉर्मर.