बेनफिकाचा कारभारी कोलुना

उसाला पाणी देताना दारे धरणाऱ्या गड्याकडे कोणाचे लक्ष नसते. पीक उभे राहिले की लोक पिकाकडे बघतात, फार तर विहिरीला किती पाणी आहे ते विचारतात. पण कुठला वाफा भरला, कुठला कोरडा राहिला, दार कधी मोडायचे आणि पाणी कुठे वळवायचे, हे ठरवतो तो खोरे घेऊन चिखलात उभा असलेला माणूसच. फुटबॉलच्या खेळात हेच काम मधल्या फळीतल्या खेळाडूकडे असते. गोल मारणाऱ्याचे नाव पेपरात येते. चेंडू त्याच्या पायाशी आला कसा, हे मैदानावर बारकाईने बघणाऱ्यालाच कळते.

गोव्यात फुटबॉल घरोघर आहे आणि आपल्या कोल्हापुरात तालमी-तालमींचे संघ आहेत. तिकडच्या जुन्या मंडळींना पोर्तुगालच्या युसेबियोचे नाव नक्की ठाऊक असेल. पण त्याच्या मागे उभा असलेला मारियो कोलुना किती जणांना आठवेल? आज त्याचीच हकीकत सांगायची आहे.

कोलुनाचा जन्म १९३५ सालचा, आफ्रिकेतल्या मोझांबिकमधला. बाप पोर्तुगीज, आई आफ्रिकन. मोझांबिक त्या वेळी पोर्तुगालच्या ताब्यात होते. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पणजीत जो झेंडा फडकत होता, तोच तिथेही होता. लिस्बनचे सरकार या वसाहतींना 'समुद्रापारचे प्रांत' म्हणत असे. कागदोपत्री त्यामुळे मोझांबिकचा खेळाडू पोर्तुगीजच ठरे. लिस्बनच्या बेनफिका क्लबचा तर दंडकच होता, की परदेशी खेळाडू घ्यायचा नाही. मात्र वसाहतीतला चालेल. राज्यकर्त्यांची ही सोय होती हे उघड आहे, पण तिच्यामुळे काही गरीब पोरांना वाट मिळाली हेही खरे.

१९५४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, कोलुना बेनफिकात दाखल झाला. घरी असताना तो पुढे राहून गोल मारणारा होता. पण बेनफिकात ती जागा जुझे आग्वास या पट्टीच्या खेळाडूने धरलेली होती. ब्राझीलहून आलेले प्रशिक्षक ओत्तो ग्लोरिया यांनी नव्या पोराला थोडे मागे घेतले. हे ग्लोरिया मोठे शिस्तीचे. खेळाडूंना एकत्र राहण्यासाठी त्यांनी वसतिगृह सुरू केले, खाण्याझोपण्याच्या वेळा बांधून दिल्या. दुसरा कोणी जागा गेली म्हणून रुसला असता. कोलुनाने नवी जागा आपली मानली आणि पहिल्याच हंगामात बेनफिकाने राष्ट्रीय लीगही जिंकली, पोर्तुगीज चषकही जिंकला.

पुढे तो सोळा वर्षे तिथेच राहिला. सोळा वर्षांत दहा वेळा लीगचे विजेतेपद, ५२५ सामने आणि १२७ गोल. मधल्या फळीतून एवढे गोल म्हणजे थोडके नव्हेत. अंग दणकट, लाथेत जोर भारी आणि मैदानावर शब्द कमी. लोकांनी त्याला नाव ठेवले 'पवित्र राक्षस'. आपल्याला हे विचित्र वाटेल, पण पोर्तुगीज भाषेत ती शिवी नाही; ज्याच्यापुढे आपोआप मान लवते अशा माणसाला तसे म्हणतात.

युरोपातल्या विजेत्या क्लबांची जी मोठी स्पर्धा, तिचा अंतिम सामना बेनफिका १९६१ मध्ये बर्न शहरात बार्सिलोनाशी खेळला. बेनफिकाने तो ३-२ असा जिंकला आणि त्यातला तिसरा गोल लांबून हाणला तो कोलुनाने. पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅमला गाठ पडली रेआल माद्रिदशी. मध्यंतराला माद्रिद ३-२ ने पुढे होते आणि त्यांचे तिन्ही गोल पुश्काशचे. मध्यंतरानंतर कोलुनाने बरोबरी साधून दिली, मग युसेबियोने दोन मारले. निकाल ५-३.

हा युसेबियोही मोझांबिकचाच. १९६० च्या डिसेंबरात तो लिस्बनला आला तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याच्या आईने कोलुनाच्या नावे चिठ्ठी दिली होती, की माझ्या लेकाकडे लक्ष ठेवा. शिकायला किंवा गिरणीत कामाला मुलगा मुंबईला पाठवताना आपल्याकडच्या आया गाववाल्याला असाच निरोप देत. कोलुनाने तो निरोप डोक्यावर घेतला. पोराला बँकेत खाते उघडून दिले, पैसा उधळू दिला नाही, चार लोकांत वागायचे कसे ते दाखवले. वयात जेमतेम सहा-सात वर्षांचे अंतर, पण पुढे जगभर नाव झाल्यावरही युसेबियो त्याला 'सेन्योर कोलुना' म्हणे. आपल्या भाषेत 'कोलुनासाहेब'.

१९६३ चा अंतिम सामना मात्र जिव्हारी लागणारा. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर समोर इटलीचा मिलान संघ. कोलुना आता कर्णधार झाला होता. युसेबियोने पहिला गोल मारला, बेनफिका पुढे होती. दुसऱ्या डावात मिलानच्या पिवातेल्लीने कोलुनाला जबर दुखापत केली. त्या काळी जखमी खेळाडूच्या जागी दुसरा घेण्याची मुभा नव्हती. कोलुना लंगडत मैदानात राहिला, पण दारे धरणाराच अधू झाल्यावर पाणी वाट फुटेल तिकडे जाणार. मिलानच्या अल्ताफिनीने दोन गोल केले आणि चषक गेला. आमच्या मते तो सामना नियमाने हरवला; अर्थात मिलानच्या लोकांना हे पटणार नाही.

दोन वर्षांनी पुन्हा तसेच. सामना इंटर मिलानशी, तोही त्यांच्याच शहरात, त्यांच्याच मैदानावर. पावसाने मैदान निसरडे झालेले. बेनफिकाचा गोलरक्षक जखमी झाला आणि बचाव फळीतला जेर्मानो गोलात उभा राहिला. निकाल ०-१. १९६८ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून तिसरी हार. बेनफिकाच्या या पाचही अंतिम सामन्यांत कोलुना खेळला. मधे १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगाल तिसरे आले, तेव्हाही कर्णधार तोच आणि संघात मोझांबिकचे चौघे.

१९७० मध्ये, पस्तिशीला पोचल्यावर, त्याने बेनफिका सोडली. फ्रान्समधल्या लियाँ क्लबाकडून तो एक हंगाम खेळला.

१९७५ साली मोझांबिक स्वतंत्र झाले. लिस्बनमध्ये मान होता, ओळखी होत्या, तरी कोलुना मायदेशी परतला. तिथल्या पोरांना त्याने खेळ शिकवला आणि पुढे देशाच्या फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला. युसेबियो मात्र लिस्बनलाच राहिला. तो ५ जानेवारी २०१४ ला वारला. कोलुना त्याच वर्षी २५ फेब्रुवारीला मापुतो शहरात गेला, तेव्हा त्याचे वय अठ्ठ्याहत्तर होते.