मेथाडोनची खिडकी

‘नशेवर नशाच देतात की!’ अमेरिकेतल्या मेथाडोन केंद्रांचा विषय निघाला, की हे वाक्य ठरलेलं. सकाळी खिडकीपुढे रांग, नर्सच्या हातून मिळालेला छोटा कप, तिच्यासमोरच प्यायचं आणि दोन शब्द बोलून दाखवायचे, म्हणजे घोट गालात धरून बाहेर नेला नाही हे तिला कळतं. बघणाऱ्याला गुत्ता आठवला तर नवल नाही. पण बेताचा डोस बसला की मेथाडोन झिंग आणत नाही. हेरॉइन किंवा फेंटानिल तुटल्यावरची तलफ, घाम, जुलाब, हाडं दुखणं ते दिवसभर थोपवून धरतं.

दुसरा समज असा, की डॉक्टरकीचा परवाना असला की दुकान थाटता येतं. नाही येत. आधी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी करून अ‍ॅक्रेडिटेशन, मग ‘सॅमसा’ या केंद्र सरकारी आरोग्य यंत्रणेचं प्रमाणपत्र, शिवाय अमली पदार्थांवर लक्ष ठेवणाऱ्या डीईएची नोंदणी आणि राज्याची परवानगी. प्रमाणपत्राची मुदत फार तर 3 वर्षं. गंमत बघा: तोच डॉक्टर कंबरदुखीसाठी मेथाडोन लिहून देऊ शकतो आणि पेशंट ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून घेतो. व्यसनासाठी मात्र तीच चिठ्ठी चालत नाही, केंद्रच गाठावं लागतं. हा भेद औषधाचा नाही, पेशंटवरच्या अविश्वासाचा आहे, असं मला वाटतं.

याच व्यसनावरचं दुसरं औषध म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. त्यालाही असंच प्रमाणपत्र लागतं, असं काहीजण धरून चालतात. ते लिहून देण्यासाठी पूर्वी डॉक्टरांना खास सवलत घ्यावी लागे. डिसेंबर 2022 अखेर ती अट कायद्यानेच काढली.

‘जन्मभर रोज हेलपाटे’ हेही आता जुनं झालं. 2024च्या नियमांनुसार पहिल्या 14 दिवसांतच 7 दिवसांपर्यंतचे डोस घरी नेता येतात, पंधराव्या दिवसापासून 14 आणि एकतिसाव्यापासून 28 दिवसांचे. निर्णय केंद्रातल्या डॉक्टरांचा, आणि एखाद्या राज्याचे नियम याहून कडक असू शकतात. समुपदेशन नको म्हटलं म्हणून औषध अडवता येत नाही. दाखल होण्यासाठी वर्षभराचं व्यसन दाखवण्याची अटही गेली.

घरी नेलेल्या बाटल्या मात्र कुलपाच्या पेटीत ठेवायला सांगतात. मोठ्या माणसाचा एका दिवसाचा डोस लहान मुलाचा जीव घेऊ शकतो.