एक बेट, एक पुस्तक, एक मोठे माणूस

पुस्तक हा शब्द उच्चारला की आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या डोळ्यांसमोर प्रथम नेल्सनचा जाडजूड ग्रंथ उभा राहतो. एम. डी.च्या परीक्षेपूर्वी तो उशाशी असतो, परीक्षेनंतर कपाटात जातो आणि नवी आवृत्ती निघाली की पुन्हा टेबलावर येतो. परंतु ज्याच्यावर परीक्षा नाही आणि ज्यातून कोणत्याही औषधाची मात्रा शोधायची नाही, अशा पुस्तकाचा आनंद डॉक्टरच्या दिनक्रमात हळूहळू मागे पडत जातो. स्मरणिकेच्या निमित्ताने त्या आनंदाविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले. विषय पुस्तकांचा आणि निसर्गसौंदर्याचा असला तरी तो अखेरीस आपल्या तपासणीच्या टेबलापाशीच येणार आहे, एवढे आश्वासन सुरुवातीलाच देतो.

ज्या पुस्तकाकडे मी पुनःपुन्हा वळतो ते जेराल्ड डरेल यांचे 'माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स'. ते १९५६ साली प्रसिद्ध झाले. जमशेदपूर येथे जन्मलेला हा मुलगा वडिलांच्या निधनानंतर आई व भावंडांसह इंग्लंडला गेला आणि १९३५ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, ग्रीसच्या कॉर्फू बेटावर राहावयास आला. १९३९ पर्यंत हे कुटुंब तेथे होते. भूमध्य समुद्राच्या त्या बेटावर जेराल्डला धड शाळा नव्हती. अधूनमधून येणारे खासगी शिक्षक तेवढे होते. मात्र ऑलिव्हच्या बागा होत्या, भिंतींच्या भेगांतले विंचू होते, कासवे होती, आणि दारात आलेल्या परक्या मुलाला द्राक्षांचा घोस देऊन गप्पा मारणारे शेतकरी होते. काड्यापेटीत ठेवलेली विंचवीण जेवणाच्या टेबलावर बाहेर पडते तो प्रसंग वाचताना हसू आवरत नाही.

हे बेट मला परके वाटत नाही. कॉर्फूवर सुमारे चार शतके व्हेनिसची सत्ता होती; गोव्यावर पोर्तुगीजांची १५१० ते १९६१ अशी साडेचार शतके. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी तेथील शेतकऱ्यांना बक्षिसे देऊन ऑलिव्हची लागवड करविली. पोर्तुगीजांबरोबर आलेला काजू आमच्या डोंगरांवर पसरला. तेथे ऑलिव्हचा हंगाम, येथे मार्च-एप्रिलमध्ये बोंडांचा घमघमाट आणि ताज्या नीऱ्यासाठी पेला घेऊन उभी राहणारी मुले. युनेस्कोने २०१० साली भूमध्य प्रदेशातील आहारपद्धतीला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. तेव्हा गौरव केवळ तेलाचा आणि भाज्यांचा झाला नाही. एकत्र बसून जेवणे, शेजाऱ्याला वाटा देणे, ऋतूप्रमाणे खाणे, ही सारी जीवनरीत त्यात धरलेली होती. सकाळी शेतावरून आल्यावर पेज, तोंडी लावायला तोर आणि सुके बांगडे, आणि ओट्यावर बसलेला शेजारी, हे चित्र ज्यांनी पेडण्यात पाहिले आहे त्यांना ही जीवनरीत समजावून सांगावी लागणार नाही.

मुंबईतले दोन जन्म

जेराल्डच्या पुस्तकात मला सर्वांत जवळचे वाटणारे पात्र म्हणजे डॉक्टर थिओडोर स्टेफानिडीस. पेशाने क्ष-किरणतज्ज्ञ. कॉर्फूवरील पहिले क्ष-किरण केंद्र त्यांनीच उभारले. त्याखेरीज ते कवी होते, ग्रीक कवितांचे इंग्रजी अनुवादक होते, आणि डबक्यातल्या पाण्यात काय काय जगते याचा त्यांचा अभ्यास असा की काही सूक्ष्म जलचरांना शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले. बेटावरील गोड्या पाण्याच्या जीवसृष्टीवरचा त्यांचा ग्रंथ १९४८ साली निघाला.

अशा व्यासंगी डॉक्टरने एका दहा वर्षांच्या मुलासाठी काय केले? पहिल्या भेटीनंतर त्याला एक छोटा खिशात मावणारा सूक्ष्मदर्शक पाठविला आणि चहाला बोलावले. पुढे दर गुरुवारी जेराल्ड त्यांच्याकडे चहाला जाऊ लागला. भिंतीभर पुस्तके, सूक्ष्मदर्शक, आणि मुलाच्या प्रत्येक प्रश्नाला बरोबरीच्या माणसाला द्यावे तसे गंभीर उत्तर. हाच मुलगा पुढे जगप्रसिद्ध प्राणिसंवर्धक झाला आणि १९५९ साली त्याने जर्सी बेटावर दुर्मीळ प्राण्यांसाठी प्राणिसंग्रहालय स्थापन केले.

आता एक योगायोग पाहा. हे स्टेफानिडीस जन्मले आपल्या मुंबईत, जानेवारी १८९६ मध्ये; अकरा वर्षांचे असताना कॉर्फूला गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईतच आणखी एका मुलाचा जन्म झाला. त्याचे नाव सालिम अली. स्टेफानिडीस यांनी एका मुलाला वेळ दिला. सालिम अली यांना बालपणी कोणीतरी वेळ दिला होता. साधारण दहा वर्षांच्या सालिमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून त्याला कुतूहल वाटले आणि ती घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्या संकोचलेल्या मुलाला परत पाठविले नाही. त्यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखविली, चिमणीची जात सांगितली आणि पक्ष्यांवरील पुस्तके वाचावयास दिली. भारतीय पक्षिशास्त्राच्या इतिहासात या भेटीचे मोल केवढे आहे, हे आज सर्वजण जाणतात.

या सालिम अलींच्या नावाचे पक्षी अभयारण्य आपल्या चोडण बेटावर आहे. १९८८ साली घोषित झालेले हे अभयारण्य पावणेदोन चौरस किलोमीटरहून किंचित मोठे. गोव्यातील हे सर्वांत लहान अभयारण्य होय.

आपली बेटे, आपला मुलूख

रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण. २०२५ पासून येथे मोठी रो-रो फेरीही धावू लागली आहे. ओहोटीच्या वेळी खारफुटीच्या मुळांत पाहावे. चिखलावर सरपटणारी निवटी, एकच मोठा आकडा हलवून इशारे करणारे खेकडे, फांदीवर पंख वाळवत बसलेला पाणकावळा आणि निळी रेघ ओढून जाणारा खंड्या. बेट ओलांडून पुढे गेले की रस्ता डिचोली तालुक्यातील मये गावी उतरतो.

हा मार्ग देवांनीही चोखाळलेला आहे. सोळाव्या शतकात चोडणची देवकीकृष्णाची मूर्ती भाविकांनी मये गावी आणि तेथून माशेलला नेली. शेजारच्या दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर नदीपलीकडे डिचोलीतील नार्वे येथे आला. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ साली करविला. राज्य शासनाने केलेल्या नूतनीकरणानंतर २०२३ साली ते पुन्हा भाविकांसाठी खुले झाले. चोडण-दिवाडी आणि डिचोली यांचे नाते असे पाण्यावरून जुळलेले आहे. ते मुलांना पाठ्यपुस्तकातून शिकविण्यापेक्षा फेरीबोटीच्या कठड्याशी उभे राहून सांगितले तर चटकन समजते.

पेडणे तालुक्याचे वैभव वेगळ्या जातीचे. हा मुलूख १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे आला. त्यामुळे येथील चालीरीतींवर कोकणाची छाया अधिक. मोरजीच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालावयास येतात आणि दीड-दोन महिन्यांनी रुपयाएवढी पिल्ले समुद्राकडे धावतात. जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक उभे राहते. संहिता लिहिलेली नाही, नेपथ्य म्हणून एक बाकडे, आणि पुराणातील कथेवर ऐन वेळी सुचलेले खणखणीत संवाद. आईच्या मांडीवर डुलक्या घेत, अर्धे पाहून अर्धे स्वप्नात पुरे करणाऱ्या कित्येक पिढ्यांसाठी हेच पहिले पुस्तक होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही महाभारतातील उपकथा तोंडपाठ असत, त्या येथूनच.

आणि चतुर्थीची माटोळी! गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या त्या लाकडी चौकटीला सुपारीचे घोस, कवंडळे, तोरिंजने, अंबाडे, घागऱ्या आणि कितीतरी रानफळे-रानफुले बांधली जातात. ती शोधण्यासाठी घरातला मोठा माणूस मुलाला घेऊन रानात जातो. कोणते फळ कोणत्या ओहोळाकाठी मिळते, कोणते विषारी, कोणते औषधी, हे चालता चालता सांगतो. वनस्पतिशास्त्राचा याहून सुंदर वर्ग माझ्या पाहण्यात नाही. बाजारात तयार जुड्या मिळू लागल्यापासून माटोळी भरते, पण तो वर्ग मात्र भरत नाही.

मांद्र्याचे डॉक्टर

पुस्तक, सौंदर्य आणि वैद्यक यांचा संगम पाहावयास आपल्याला कॉर्फूपर्यंत जाण्याची गरजही नाही. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचा जन्म पेडणे तालुक्यातील मांद्रे गावचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीचे ते पदवीधर. गोरगरिबांना मोफत औषधोपचार, कुष्ठरोगावरील संशोधन, प्रचंड व्यवसाय, हे सर्व सांभाळून हा माणूस शिलालेख वाचत होता, जुनी नाणी व हस्तलिखिते जमवीत होता, कालिदासाचा काळ ठरविण्यासाठी निबंध लिहीत होता. एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते उपाध्यक्ष होते. ज्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीसाठी ते झटले, त्याला १९७५ साली त्यांचे नाव देण्यात आले. आपल्याला वाचावयास वेळ मिळत नाही, असे म्हणताना मला मांद्र्याच्या या डॉक्टरांची आठवण होते आणि तक्रार घशातच राहते.

तपासणीच्या टेबलापाशी

आता दिलेल्या आश्वासनाकडे वळतो. गेली काही वर्षे माझ्या प्रतीक्षागृहात एक गोष्ट ठळकपणे जाणवते. पूर्वी तेथे गोंगाट असे. आता शांतता असते. दोन वर्षांचे मूलही मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवीत बसलेले असते. अडीच-तीन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडून न बोलणारी मुले घेऊन पालक येतात. प्रत्येक वेळी कारण पडदाच असतो असे नाही. श्रवणदोष, स्वमग्नता यांची तपासणी आधी झालीच पाहिजे. परंतु भाषा ही समोरासमोरच्या बोलण्यातून येते. पडदा अखंड बोलतो, पण मुलाच्या बोबड्या शब्दाला थांबून उत्तर देत नाही.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील बालकांना पडदा दाखवूच नये (दूरच्या नातलगांशी क्वचित होणारे व्हिडिओ संभाषण तेवढे वगळून), आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत तो दिवसाकाठी एका तासापेक्षा अधिक नसावा. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने २०१४ सालीच, मुलाला अगदी तान्हेपणापासून मोठ्याने वाचून दाखवावे, हा सल्ला प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने पालकांना द्यावा असे सांगितले. त्याच्याही पूर्वी, १९८९ साली, बॉस्टनच्या सरकारी रुग्णालयातील काही डॉक्टरांनी तपासणीस आलेल्या प्रत्येक लहान मुलाच्या हाती एक पुस्तक देण्यास प्रारंभ केला. तो उपक्रम आज अमेरिकाभर चालतो. बाहेरच्या उजेडात घालविलेला वेळ लघुदृष्टीची सुरुवात लांबवितो, हेही आता पुरेशा अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणजे पुस्तक वाचून दाखविणे आणि मुलाला बाहेर नेणे, या दोन्ही गोष्टी आपल्या चिठ्ठीवर लिहिण्याजोग्या आहेत.

मला चिंता वाटते ती अशी. डिचोलीचे कित्येक डोंगर खाणींनी कापले. मोप येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागल्यावर पेडण्याच्या पठारांचे आणि किनाऱ्यांचे रूप झपाट्याने पालटत आहे. रोजगार हवा, रस्ते हवेत, याविषयी वाद नाही. परंतु ज्या मुलाने निवटी पाहिली नाही, कवंडळ हातात धरले नाही, दशावतारात डुलकी घेतली नाही, त्याला मोठेपणी यातले काय जपावे हे कोण सांगणार? नाव ठाऊक नसलेल्या वस्तूबद्दल हळहळ वाटत नाही.

म्हणून आपल्या संघटनेच्या सभासदांसमोर एक साधी योजना ठेवतो. प्रत्येकाने आपल्या प्रतीक्षागृहात मुलांच्या उंचीचा एक फळा बसवावा आणि त्यावर वीस-पंचवीस पुस्तके ठेवावीत. कोकणी, मराठी, इंग्रजी, घरात जी भाषा बोलली जाते तिच्यातली आणि शाळेत जी शिकवली जाते तिच्यातलीही. फाटतील ती फाटू द्यावीत. फाटलेले पुस्तक हे वाचले गेल्याची खूण होय. लसीकरणाच्या भेटीत, 'बाळाला कोण वाचून दाखवते?' हा प्रश्न वजन-उंचीबरोबर विचारावा. गावातल्या वाचनालयाचे आणि पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या बालविभागाचे सभासदत्व घेण्यास पालकांना सुचवावे. १८३२ साली स्थापन झालेले हे ग्रंथालय आपल्या मुलांची वाटच पाहत आहे. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, आपापल्या बालरुग्णांना आणि त्यांच्या आजी-आजोबांना घेऊन चोडणची फेरी काढावी. खर्च फारसा नाही. लागतो तो वेळ.

वेळेचाच प्रश्न अवघड, हे मीही जाणतो. परंतु स्टेफानिडीस यांनी एका मुलाला आठवड्यातला एक गुरुवार दिला होता. मिलार्ड यांनी कदाचित एक दुपार. पेडणे-डिचोलीच्या मुलाला बेट आणि रान आयते लाभले आहे, पुस्तक वाचनालयात मिळते. त्याच्याबरोबर चालणारे, त्याच्या प्रश्नाला थांबून उत्तर देणारे मोठे माणूस तेवढे हवे आहे. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी प्रत्येकाने आपला एक गुरुवार ठरविला, तर पुढील अंकात या विषयावर लिहिण्यासाठी आपल्यापाशी पुष्कळ काही असेल.