तापातील आकडी

लखनौ छावणीत बदलून आलेल्या मराठी कुटुंबातील मूल तापाने फणफणले आणि त्याला आकडी आली, की आईबापांना पहिली शंका येते ती मेंदूज्वराची. ती अनाठायी म्हणता येणार नाही. पूर्वेकडील गोरखपूर भागात १९७८ साली आणि पुन्हा २००५ साली जपानी मेंदूज्वराची मोठी साथ आली. २००६ पासून तेथे लस टोचली जाऊ लागली.

तथापि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी दोन ते पाच मुलांना केवळ तापानेच आकडी येते. इन्फ्ल्युएंझासारखा विषाणूजन्य ताप त्यास पुरतो. अपक्व मेंदूला तो सोसत नाही. डोळे फिरतात, दातखीळ बसते, हातपाय झटके देतात. बहुधा पाच मिनिटांच्या आत हे थांबते आणि थोड्याच वेळात मूल आईला ओळखते. मेंदूज्वरात मात्र गुंगी उतरत नाही. हाच भेद महत्त्वाचा होय.

अशा वेळी चप्पल वा कांदा हुंगविणे, तोंडात चमचा घालणे हे प्रकार निरर्थक, शेवटचा तर घातकही. मुलास कुशीवर वळवावे व घड्याळ पाहावे. पाच मिनिटे उलटली, आकडी पुन्हा आली किंवा शुद्ध परतली नाही, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. पॅरासिटामॉलने मुलास आराम पडतो, पण पुढची आकडी टळतेच असे नाही. सुमारे एकतृतीयांश मुलांना ती पुन्हा येते; बुद्धीवर सहसा परिणाम होत नाही.