जुना ब्राउझर आणि शाळेचे दफ्तर

केडगाव असो वा अहिल्यानगर जिल्ह्यातील एखादे दूरचे खेडे, विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा व इतर नोंदी आज संगणकावर ठेवल्या जातात. हे दफ्तर जपण्यासाठी खोलीस कुलूप लावणे पुरेसे नाही. जुना ब्राउझर हीच कित्येकदा उघडी राहिलेली खिडकी ठरते. ती कशी, हे प्रत्येक शिक्षकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

इंटरनेटवरून आलेले पान पडद्यावर मांडणे हे ब्राउझरचे काम होय. त्याच्या रचनेत विशिष्ट दोष राहून गेला, तर पान पाठविणारा परका मनुष्य दुरूनच त्या संगणकावर स्वतःच्या आज्ञा चालवू शकतो. संगणकापुढे बसलेल्याने केवळ ते पान उघडले, एवढे त्यास पुरते.

२६ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने असाच एक दोष जाहीर केला. इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्यापासून अकराव्यापर्यंतच्या सर्व आवृत्त्यांत तो होता. त्याचे स्वरूप एका उदाहरणाने ध्यानी येईल. कपाटातील एक खण रिकामा करून दुसऱ्यास दिला. तथापि शिपायाजवळ त्या खणाची जुनी चिठ्ठी तशीच राहिली. पुढे तो त्या खणातून जो कागद निघेल तो मुख्याध्यापकांचाच हुकूम समजून पाळू लागला. ब्राउझरचेही असेच झाले. स्मृतीतील मोकळी केलेली जागा तो पुन्हा वापरी आणि दुष्ट हेतूने तेथे ठेवलेला मजकूर आज्ञा म्हणून पाळी. संगणकावर काम करणाऱ्यास जेवढे अधिकार, तेवढे सर्व त्या परक्यास मिळत.

विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीच संपली होती. तरीही १ मे रोजी दिलेली दुरुस्ती अपवाद म्हणून एक्सपीलाही मिळाली. असा अपवाद प्रत्येक वेळी होईल, अशी आशा बाळगणे योग्य नव्हे. १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोरर ११ हा ब्राउझरही बहुतेक संगणकांपुरता निवृत्त करण्यात आला.

यास्तव शाळांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

(१) देखभाल संपलेला ब्राउझर वापरू नये.
(२) ब्राउझर व विंडोज यांच्या दुरुस्त्या आल्याबरोबर बसवाव्यात.
(३) नित्याच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे.
(४) अनोळखी दुवे उघडू नयेत.
(५) नोंदींची एक प्रत संगणकापासून वेगळी ठेवावी.

पालक मुलांची माहिती विश्वासाने शाळेच्या स्वाधीन करतात. तो विश्वास राखणे हेही शिक्षकाचेच कर्तव्य होय.