जेडची मुद्रा
इ.स.पूर्व २२१ मध्ये चीन एकछत्री अंमलाखाली आणणाऱ्या छिन शी ह्वांगने ‘शी’, म्हणजे राजमुद्रा, ही संज्ञा सम्राटापुरती राखून ठेवली आणि तिच्यासाठी जेड हा रत्नपाषाण मुक्रर केला. मुद्रांचे जेड, अर्थात नेफ्राइट, पोलादालाही सहजी दाद देत नसल्याने त्यावरील अक्षरे छिन्नीने खोदली जात नसत, तर कठीण खनिजांच्या ओल्या भुकटीने घासून झिजवली जात. १९६८ मध्ये शाआन्शी प्रांतात एका शाळकरी मुलाला सापडलेल्या हान घराण्यातील सम्राज्ञीच्या मुद्रेची बाजू जेमतेम २.८ सेंटीमीटर भरते. संग्राहकाने नोंद घ्यावी अशी गंमत म्हणजे, २०१६ मध्ये पॅरिसच्या लिलावात सुमारे २.१ कोटी युरोंना गेलेली छिएनलुंग सम्राटाची मुद्रा जेडची नसून शंखजिऱ्याची, म्हणजे सुरीनेही कोरता येणाऱ्या मऊ दगडाची आहे.