मेंढ्यांच्या बेटांची अकरा माणसं

अमळनेरच्या एका मित्राला मी फॅरो बेटांची लोकसंख्या सांगितली, तर तो हसायलाच लागला. "इतला लोक ते आम्हनी जत्रामा जमतस, भाऊ!" म्हणाला. त्याचं काही खोटं नाही. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरली, की बोरीच्या पात्रात पाय ठेवायला जागा राहत नाही. २०११ च्या जनगणनेत अमळनेर शहर पंचाण्णव हजारांच्या पुढे होतं आणि चोपडा बहात्तर हजारांच्या. फॅरोच्या अठरा बेटांवर मिळून आज जेमतेम चोपन्न हजार माणसं आहेत. तरीही फुटबॉलच्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत 'फॅरो' नावाचा संघ उतरतो. त्याचा झेंडा वेगळा आणि राष्ट्रगीतही वेगळं.

नकाशात ही बेटं सापडायला वेळ लागतो. स्कॉटलंडच्या वर, आइसलंडच्या अलीकडे, अटलांटिकमध्ये ती सांडल्यासारखी पडली आहेत. क्षेत्रफळ सुमारे चौदाशे चौरस किलोमीटर. नावाचा अर्थच 'मेंढ्यांची बेटं' असा, आणि माणसांपेक्षा मेंढ्या आजही जास्त. साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ तिथे गेले, तर चराईवर खूश होतील आणि पावसाने वैतागतील. झाडं जवळपास नाहीत, वारा अखंड, आणि ऐन जुलैतही पारा अकरा-बारा अंशांच्या आसपास. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या जळगावकराला हे वाचूनच बरं वाटेल. पोट सगळं मासळीवर.

अशा ठिकाणी फुटबॉल रुजला तो फार आधी. त्वोरोयरी गावचा क्लब १८९२ चा. क्लाक्सविक आणि राजधानी तोर्शाव्हन इथले क्लब १९०४ चे. गावागावांतली स्पर्धा १९४२ पासून चालू आहे. मात्र सगळ्या बेटांची मिळून संघटना झाली ती थेट १९७९ मध्ये. ही संघटना १९८८ साली फिफाची सदस्य झाली आणि १९९० च्या एप्रिलमध्ये युरोपीय महासंघाची. पाच महिन्यांनी पहिला अधिकृत स्पर्धात्मक सामना आला. समोर होता ऑस्ट्रिया, त्याच उन्हाळ्यात इटलीतला विश्वचषक खेळून आलेला.

सामना फॅरोच्या घरचा, पण घरी मैदानच नव्हतं. महासंघाला हवं होतं हिरवं गवत, आणि बेटांवर होती खडीची नाही तर कृत्रिम मैदानं. म्हणून १२ सप्टेंबर १९९० रोजी स्वीडनमधल्या लांडस्क्रोना गावात हा 'घरचा' सामना खेळवला गेला. प्रेक्षक हजार-बाराशे. ऑस्ट्रियाकडे टोनी पोल्स्टरसारखा स्पेनमध्ये गोलांच्या राशी घालणारा आघाडीवीर. फॅरोकडे सगळे नोकरदार. पाउल गुद्लॉगसन हा प्रशिक्षक तेवढा आइसलंडचा.

गोलरक्षक येन्स मार्टिन क्नुद्सन मासळीच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा. त्याच्या डोक्यावर पांढरी, गोंड्याची लोकरी टोपी असायची. आपल्याकडे डिसेंबरात रात्रीची लाइट आली म्हणून हरभऱ्याला पाणी भरायला निघालेला शेतकरी जशी कानटोपी ओढून घेतो, तशाच थाटात हा माणूस आंतरराष्ट्रीय सामन्याला उभा राहिला. ती हौस नव्हती. लहान वयात खेळताना डोक्याला मार बसला होता आणि टोपी घालून खेळायचं, या अटीवरच त्याचा खेळ पुढे चालू राहिला होता. युरोपभरच्या छायाचित्रकारांना मात्र तेवढंच पुरलं. बेटांची ओळख कित्येक वर्षं त्या टोपीवर चालली. मला स्वतःला टोपीपेक्षा तोर्किल निल्सन जास्त आवडतो. हा लाकूड विकणारा गडी, वर उत्तम बुद्धिबळपटू. मध्यंतरानंतर, एकसष्टाव्या मिनिटाला त्याने चेंडू घेतला, बचावपटूंमधून वाट काढली आणि खालून सरळ जाळ्यात मारला. उरलेला अर्धा तास टोपीवाल्याने आणि त्याच्या पुढच्या दहा जणांनी तो एक गोल जपला. १-०.

ऑस्ट्रियाचे प्रशिक्षक योसेफ हिकर्सबर्गर यांना पद सोडावं लागलं. इथून पुढे एक गंमतशीर परंपराच पडली. १४ नोव्हेंबर २०१४ ला फॅरोने ग्रीसला ग्रीसमध्येच १-० ने हरवलं, गोल योआन सिमुन एडमुंडसनचा, आणि दुसऱ्याच दिवशी ग्रीसने क्लाउडिओ रानिएरी यांना घरी पाठवलं. (हेच रानिएरी दीड वर्षाने लेस्टरला इंग्लंडचं विजेतेपद मिळवून देतील, हे तेव्हा कोणाला सांगून पटलं नसतं.) जून २०१५ मध्ये ग्रीस पुन्हा हरला, या वेळी २-१ ने. २०२३ च्या जुलैत क्लाक्सविकच्या क्लबने बुडापेस्टला जाऊन फेरेन्त्स्वारोश या मातब्बर क्लबला ३-० ने हरवलं. प्रशिक्षक स्तानिस्लाव चेर्चेसोव्ह यांची नोकरी त्याच रात्री गेली. क्लाक्सविक म्हणजे पाचेक हजार वस्तीचं गाव. तेच गाव त्या वर्षी युरोपातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेच्या गटफेरीत पोचलं आणि फ्रान्सच्या लील क्लबशी ०-० अशी बरोबरीही साधली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत चेक प्रजासत्ताक तोर्शाव्हनमध्ये २-१ ने हरला, आणि इवान हाशेक यांनाही जावं लागलं.

पण नुसते विजय सांगितले, तर ते भाटगिरी होईल. लांडस्क्रोनानंतर पुढच्याच महिन्यात डेन्मार्कने चार गोल चढवले. युगोस्लाव्हियाने नंतर सात घातले. तो गट संपला तेव्हा फॅरो तळाला होता. गुण ऑस्ट्रियाइतकेच, तीन, पण गोलफरकात मागे. पुढची कित्येक वर्षं निम्म्याहून अधिक सामने हरण्यातच गेली. २००२ साली स्कॉटलंडविरुद्ध पहिल्या पंधरा मिनिटांतच जॉन पीटरसनने दोन गोल केले, बेटांवर जल्लोष झाला, आणि सामना शेवटी २-२ सुटला. हरण्याची सवय असलेल्या माणसांना बरोबरीही कशी टोचू शकते, याचा हा नमुना.

मैदानाचं शल्य त्यांनी लगेच काढलं. १९९१ मध्ये तोफ्तीर गावाच्या वर डोंगर फोडून गवताचं मैदान केलं. पुढे तोर्शाव्हनमध्ये राष्ट्रीय मैदान झालं. आज बहुतेक गावांत कृत्रिम हिरवळ आहे, कारण खऱ्या गवताला तो पाऊस सोसत नाही. हंगाम मार्च ते ऑक्टोबर. वारा इतका, की पेनल्टी मारताना कधी कधी दुसऱ्या खेळाडूला आडवं पडून बोटाने चेंडू धरून ठेवावा लागतो. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर सामन्याला जायचं म्हणजे पूर्वी बोट, आता समुद्राखालचे बोगदे. २०२० मध्ये सुरू झालेल्या बोगद्यात तर समुद्राच्या तळाखाली चक्क चौक आहे, आपल्याकडे पुतळा बसवतात तसा गोल! खेळाडूंमध्येही फरक पडला. बरेच जण आता बाहेरच्या देशांत व्यावसायिक म्हणून खेळतात. तरी मासळी, सुतारकाम, शाळा सांभाळून खेळणारे संपलेले नाहीत.

मला या संघाचं कुतूहल गोलांमुळे नाही. फॅरो हा देश नाही. तो डेन्मार्कच्या राज्याचा भाग आहे, १९४८ पासून स्वशासन असलेला. संयुक्त राष्ट्रांत त्यांची खुर्ची नाही. ऑलिंपिकमध्ये त्यांच्या खेळाडूला डेन्मार्कच्या नावाने उतरावं लागतं, पॅरालिंपिकमध्ये मात्र स्वतःच्या. त्यांची भाषा कित्येक पिढ्या घरातली, गाण्यातली, शेळ्यामेंढ्यांशी बोलण्याची. शाळा-कचेरी-चर्चमध्ये डॅनिश. शिकवण्याची भाषा म्हणून फॅरोज शाळेत शिरली १९३८ मध्ये. त्यांच्या झेंड्याला पहिली अधिकृत मान्यता मिळाली १९४० च्या एप्रिलमध्ये, तीही बेटांचा ताबा घेतलेल्या ब्रिटिशांकडून. आणि फुटबॉलच्या दारातून ते वेळेत आत शिरले. पुढे सदस्यत्वाचे नियम कडक झाले. डेन्मार्कच्याच राज्यातलं, जवळपास तेवढ्याच लोकांचं ग्रीनलँड २०२५ मध्ये अमेरिकेकडच्या महासंघाच्या दारावर गेलं आणि रिकाम्या हाताने परत आलं. आपल्या देशात लक्षद्वीपने २०१७ मध्ये संतोष ट्रॉफीत पहिल्यांदा संघ उतरवला, तो केंद्रशासित प्रदेश असल्यामुळेच. तुम्ही कागदावर कोण आहात, यावर बरंच ठरतं.

अहिराणीत वाढलेल्या माणसाला हे वाचताना कुठेतरी ओळखीचं वाटतं. माझी आजी शाळेच्या मास्तरांसमोर 'शुद्ध' बोलायचा प्रयत्न करायची आणि ते गेले की सुटकेचा श्वास टाकून "चाल भो, आते बोल" म्हणायची. खान्देश हा एकेकाळी एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये इंग्रजांनी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. महाराष्ट्र झाल्यावर त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली, १९९८ मध्ये नंदुरबार वेगळं निघालं. कापूस खान्देशी, केळी खान्देशी, भरीत खान्देशी. पण खान्देश नावाचा संघ? जळगाव जिल्ह्याचा संघ असतो, धुळ्याचा असतो. रणजीत आपण महाराष्ट्र. बेटं नाहीत आपल्याकडे, सातपुडा आहे, तापी आहे, पण नाव छातीवर लिहायची सोय नाही.

एक अपवाद जवळपास होता. तोही १९९० चाच. लांडस्क्रोनाच्या सामन्याआधी महिनाभर, १५ ऑगस्टला, जळगावला विद्यापीठ सुरू झालं. आजच्या तिन्ही जिल्ह्यांची पोरं एकाच जर्सीत आंतरविद्यापीठ स्पर्धांना जायला लागली. अमळनेरचा लेफ्ट-आउट, शिरपूरचा बचाव, भुसावळच्या रेल्वे वसाहतीतला गोलकीपर असा संघ होऊ शकणारी ती एकच जागा. फक्त विद्यापीठाचं नाव होतं 'उत्तर महाराष्ट्र'. २०१८ पासून ते बहिणाबाईंच्या नावाने आहे, आणि ते मला मनापासून आवडतं.

परवा संध्याकाळी जळगावला सागर पार्कवर थांबलो होतो. धुळीत पोरं फुटबॉल खेळत होती. पाठीवर मेस्सी, रोनाल्डो, एकाच्या अंगावर तर फाटका फ्रान्स. बाजूला उभ्या असलेल्या एका पोराला मी विचारलं, फॅरो बेटं माहीत आहेत का? त्याने नकारार्थी मान हलवली. मग त्याला टोपीवाल्याची गोष्ट सांगितली, लाकूडविक्याची सांगितली, चोपन्न हजारांचा आकडाही सांगितला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, मग त्यांचं सिलेक्शन होतं तरी कुठे?"